सुतारकाका आणि कर्नलबाहेरचा ड्रायव्हर

अरे, परवा मला आमच्या सुतारकाकांनी पार गप्प केलं. फणसवाडीतल्या आमच्या खोलीत ते भिंतीतलं कपाट करत होते आणि मी फोनवर टीमशी भांडत होतो, "आपला ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलबाहेरच ठेवू या!"

फोन ठेवला तसं काकांनी विचारलं, "काय रे भानगड?"

"कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सचा गाभा, ते घर समजा. ड्रायव्हर म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्राम, ते त्यातलं कपाट. आम्ही ते बाहेर बनवतो. कर्नलवाल्यांनी घरात काही बदललं की आमचं कपाट बसत नाही. स्क्रीन काळी."

"आणि आत बनवलं तर?"

"मग जो बदल करेल, तोच आमचंही जुळवून देतो."

"मग बाहेर कशाला बसलायस? हे कपाट मी दुकानातून बनवून आणलं असतं, तर तुमच्या या वाकड्या भिंतीत बसलं असतं का?"

"काका, आत घ्यायचं तर दहा जण आमचा कोड तपासतात. एकेक ओळ पुन्हा लिहायला लावतात."

काकांनी रंधा खाली ठेवला. "तुझ्या आईने सकाळपासून ही फळी तीनदा काढायला लावली. मी गेलो का पळून?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अजून बोटभर वर घ्या हो."