विसर्जनाची न दिलेली आज्ञा

झाडे कुटुंबीय, शिक्षक बंधुभगिनींनो आणि पुढच्या रांगेत स्कार्फ बांधून बसलेल्या मुलांनो,

ज्या माणसाशी आयुष्यभर वाद घातला, त्याच्याविषयी तो उत्तर द्यायला नसताना बोलणे मला जड जाते. तरीही बोलतो. कारण आताच वाचलेल्या शोकठरावातील एका वाक्याला माझा विरोध आहे. 'झाडे गुरुजींसोबत आंजीच्या स्काऊट पथकाचे पर्व संपले.'

हे वाक्य मला मान्य नाही.

पथके कशी संपतात, हे मी जिल्हा समितीचा चिटणीस म्हणून पाहिले आहे. स्काऊट शिक्षकाची बदली झाली की शिट्टी कपाटात जाते आणि वर्षभरात नोंदणीतून पथकही जाते. गुरुजींनी हे हेरले होते. म्हणून त्यांनी शिट्टी मुलांकडेच दिली. आठ मुलांचा एक संघ. दर शनिवारी एका संघनायकाकडे कवायत. गुरुजी कडुलिंबाखाली उभे. दोराची गाठ चुकली तरी बोलत नसत. दुसरा संघ हसे, आणि गाठ सुधारे.

कवायतीच्या शेवटी 'विसर्जन' ही आज्ञा मात्र त्यांनी कधीच देऊ दिली नाही. 'विश्राम' म्हणायचे आणि मग, 'शनिवारी येजा.' कारंज्याच्या मेळाव्यात मी त्यांना सर्वांदेखत टोकले, की नियमात विसर्जन आहे. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, विसर्जन गणपतीचं होते. पथकाचं काऊन करू?"

पोरे हसली. मी हसलो नाही. नियम माझ्या बाजूने होता.

यंदा ते आजारी पडले आणि पिपरी मेघेला मुलीकडे गेले. समितीने ठरवले, पथकप्रमुख नाही तर पथक नाही. पत्राचा मसुदा माझा होता. 'पथक विसर्जित करण्यात येत आहे.' गुरुजींनी ते पत्र मला परत पाठवले. 'विसर्जित' या शब्दावर रेघ, आणि वर त्यांच्याच अक्षरात, 'विश्राम'.

मी रागाने आंजीला गेलो, पथकाचा ध्वज ताब्यात घ्यायला. शनिवार होता. कडुलिंबाखाली कोणी नव्हते. मैदानावर कवायत चालू होती. संघनायक धावत आला. "साहेब, गुरुजीले भेटाले जाता का? त्याईले सांगजा, बांबूच्या पुलाची गाठ आता सुटत नाई."

मी ध्वज न मागता परतलो.

पथक म्हणजे गुरुजी असते, तर त्या शनिवारी मैदान रिकामे हवे होते. ते रिकामे होते का? नव्हते. म्हणजे माझा मसुदा चूक होता, आणि आजचे हे वाक्यही चूक आहे. पहिली चूक त्यांच्याजवळ कबूल करायला मी उशीर केला. दुसरी होऊ देणार नाही.

ते पत्र माझ्या खिशात आहे. ते कुठेही जाणार नाही. नोंदणीच्या अर्जात पथकप्रमुखाच्या रकान्यात मी माझे नाव लिहिले आहे. समितीला म्हातारा चालत नसेल, तर इथल्या एखाद्या तरुण शिक्षकाने ते खोडून स्वतःचे लिहावे. रकाना रिकामा राहणार नाही.

ठरावातून ते वाक्य वगळावे, ही विनंती नाही, सूचना आहे.

आता आपण सारे उभे राहू. दोन मिनिटांची शांतता 'सावधान'ने सुरू होईल आणि 'विश्राम'ने थांबेल. त्यापुढची आज्ञा या पथकात नाही.

संघनायक, शिट्टी वाजवा.