चुलीमागच्या बाटल्या

(कुडपण, महाडपासून वर डोंगरातलं गाव. पौषातली सकाळ. सासू-सून स्वयंपाकघरात.)

प्रियदर्शिनी : दुकानातल्या बाटल्या चुलीमागं? आई, घर पेटलं असतं ना!

राहीबाई : मागं म्हंजे भिंतीकडं गो, बियान्याच्या कनगीपाठी. तितं ऊब असते, जाळ नाय लागत. माझा शुभमच बोलला होता, थंडी पडली नि मी नाय आलो, तर ह्या बाटल्या गारठू देऊ नको, दुधासारख्या फाटतात.

प्रियदर्शिनी : कधी बोलले?

राहीबाई : पावसाआधी. महाडात पानी भरतं म्हनून दुकानातला माल वर आनून ठेवला, तवा. दिवाळीला न्यायला येतो, बोलला.

प्रियदर्शिनी : दिवाळीला त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

राहीबाई : तू रडलीस का गो?

प्रियदर्शिनी : नाही. येतच नाही रडू. उठते, जेवते, झोपते. अंग माझं नसल्यासारखं झालंय. तुम्ही?

राहीबाई : मला थंडीच कळत नाय औंदा. गोधड्या सगळ्या बाटल्यांवर घातल्या.

प्रियदर्शिनी : शॅम्पू चांगला राहिलाय. पॉलिश पण. मेण तर जसंच्या तसं. आई, परवा मी दुकान उघडतेय. त्यांच्या हाताखाली गाड्या धुतल्यात, पुसल्यात, येतं मला सगळं. एका डॉक्टरांची नवी गाडी यायचीय, रंगावर काचेसारखं कोटिंग चढवायला. त्याची ती छोटी काळी बाटली कुठाय?

राहीबाई : ही बग.

प्रियदर्शिनी : अहो, ही तर दगड झालीय! पहिलं काम हिच्यावरच होतं.

राहीबाई : गारठली?

प्रियदर्शिनी : गारठ्यानं नाही. झाकण उघडलं की हवा लागते आणि घट्ट होतं हे. उघडली कुणी?

राहीबाई : मीच. बियान्याला कीड लागली का बगतो ना आपन, तशी अधनंमधनं उघडून बगत होते.

प्रियदर्शिनी : बाटलीत कसली कीड, आई?

राहीबाई : नाय गो. वास घेत होते. दुकानातनं आला की त्याच्या शर्टाला ह्योच वास यायचा.

(प्रियदर्शिनी बाकीच्या बाटल्या मोजू लागते.)

राहीबाई : बोल की कायतरी. राग तरी काढ.

प्रियदर्शिनी : राग पण येत नाही. राहू दे. डॉक्टरांना नाही म्हणून कळवते, नि चावी देऊन टाकते दुकानमालकाला.

राहीबाई : येडी का काय तू? कोटिंग नाय तर धुवून मेन लाव गाडीला. नवी बाटली आली की मग कर कोटिंग, थांबतील डॉक्टर. धर ती पिशवी. सगळा माल ने, एक पन मागं ठेवू नको.

प्रियदर्शिनी : शॅम्पूची एक ठेवते तुम्हाला. वासाला.

राहीबाई : नको. बाटलीचा वास निस्ता औषधाचा, त्यात घाम नाय. तू गाड्या धू. नि कवातरी दुकानातनं तशीच वर ये, कापडं न बदलता.