भिंगावरचं झाकण

रफिकभाई, पाना ठेव जरा, चहा घे. परवा आमचे पायलट सर गेल्याचा फोन आला, म्हणून आज सांगतो. नोकरी संपवून सिरसाळ्यात आलो तवापासून हे घरीबी कधी बोललो न्हाई.

मी हवाई दलात टेहळणीच्या विमानाला कॅमेरे बसवायचो. त्या विमानाला बंदूक नसती. पलीकडचे फोटो घ्यायचे आन् परत यायचं, एवढंच काम. एकदा सर सकाळी सरहद्दीवर जाऊन आले. मी कॅमेरा उतरवाया गेलो, तर भिंगावरचं झाकण तसंच. मीच काढायचं विसरलो होतो. सगळी फिल्म वाया गेलती.

मोठ्या साहेबांना जाऊन खरं सांगितलं. साहेब म्हणाले, “दुपारी परत जावं लागेल. कॅमेरा दुसरा कुणी बसवील.”

सर म्हणाले, “नको. हाच बसवील.”

दुपारी ते गेले. सकाळी विमान दिसल्यामुळं पलीकडचे आता सावध असणार, हे आमा सगळ्यांना कळत होतं. मी धावपट्टीच्या कडेला उभा राहिलो, पानीसुदिक प्यालो न्हाई. सर उतरले तवा शेपटीला गोळीचं भोक होतं. माझं बोट त्यात जात होतं.

मी इचारलं, “सर, माझ्यामुळं तुमचा जीव गेला असता. तरी मलाच कावून सांगितलं?”

हातमोजे काढत ते म्हणाले, “दुसऱ्यानं एकदा तपासलं असतं. तू आज दहा वेळा तपासणार, हे मला माहीत होतं.”

रफिकभाई, मी बारा वेळा तपासलं होतं.