सेल्वीची फुकट बस

चेन्नईतल्या एका कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखती चालल्या होत्या. नणंद आत गेली होती आणि मी झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बाहेर बसले होते. शेजारी एक आई आणि तिची मुलगी देविका चक्क मराठीत बोलत होत्या.

“परत म्हण बघू. अर्थशास्त्रच का?”

“मला लहानपणापासून अर्थशास्त्राची अतिशय ओढ आहे.”

“लहानपणी तुला बसकंडक्टर व्हायचं होतं.”

“आई! क्लासच्या सरांनी हेच पाठ करायला सांगितलंय.”

“मग आतल्यांचे कान किटले असतील. खरं काय ते सांग.”

“खरं सांगू? सेल्वीअक्कामुळे.”

“आपलं काम सोडून गेली, ती?”

“बायकांना बस फुकट झाली आणि ती अड्यारला जायला लागली. तिथे पगार जास्त. मग आपल्या पेरुंगुडीतही सगळ्यांना पगार वाढवावे लागले. मी स्टॉपवर बायकांना विचारायचे, आता कामाला कुठवर जाता म्हणून.”

“म्हणजे मी घरी भांडी घासतेय आणि तू तिथे चौकशा करतेयस!”

“पण ज्यांची मुलं लहान आहेत ना, त्या बस फुकट असूनही लांब जात नाहीत. त्यांना जाता यावं म्हणून काय करायला हवं, ते मला शिकायचंय.”

मी लेकीला जरा जवळ ओढलं.

“अगं, मग हेच सांग की आत!”

“आणि पाठ केलेलं विसरले तर?”

“विसरच.”

नणंद बाहेर आली आणि देविकाला हाक आली. तिच्यामागे दार नीट लागलं नाही. आतून आधी सेल्वीचं नाव ऐकू आलं, मग हसू, आणि मग एका बाईंचा प्रश्न, “त्या लहान मुलांच्या आया काय म्हणाल्या?”