पुराच्या रेघा

उमेळ्याच्या फोन बूथवर माझ्यापुढे आलोशियस आणि सालोमी हे नवरा-बायको उभे होते. त्यांची मुलगी ॲंजेला व्रत घेऊन सिस्टर झालेली, जर्मनीतल्या नदीकाठच्या लहानशा गावी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. तिथं पूर आल्याचं टीव्हीवर दाखवलं होतं.

“घाबरू नको. गाव डोंगराला टेकून आहे, तिनंच लिहिलंय.”

“डोंगरावर चर्च आहे. आश्रम खाली, नदीला लागून. तेही तिनंच लिहिलंय.”

“सातशे वर्षं गाव उभं आहे, सालोमी.”

“आणि दर मोठ्या पुराला आश्रमाच्या भिंतीवर पाणी चढलं तिथं रेघ कोरून साल लिहितात. सगळ्यात वरची रेघ दाराच्याही वर आहे.”

“ती दीडशे वर्षांपूर्वीची.”

“तुम्ही काय, पाण्याला विचारून आलात?”

“लागला! घे, बोल.”

“ॲंजेला? बाय, चर्चमध्ये आहेस ना?... अजून आश्रमातच? किती म्हाताऱ्या राहिल्या खाली?... चौघी?”

“तिला म्हणावं, आधी तू वर जा!”

“थांबा हो. बाय, ऐक. बाबा रागावलेत, पण तू चौघींना घेऊनच वर जा. आता फोन ठेव. तुझे दोन्ही हात त्यांना लागतील.”