तीन शिट्ट्या

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी नंबराची वाट बघत होत्या. थोरलीचा गाल सुजला होता, पण तोंड चालू होतं.

“मागच्या पुरात फोन बंद पडले आणि कोणाचा निरोप कोणाला पोचला नाही. म्हणून गल्लीने ठरवलं, तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी शाळेच्या गच्चीवर जायचं. आणि शिट्टी दिली कोणाला? समोरच्या शिंपिणीला!”

“अगं ताई, ती दिवसभर दारातच मशीन घेऊन बसते. पाणी चढलं तर तिलाच आधी दिसणार.”

“आणि माझे डोळे काय शोभेचे आहेत? परवा सराव होता. तिने शिट्ट्या मारल्या आणि आमचे हे दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून पळाले. मी जेवायला हाका मारून घसा कोरडा करते, तेव्हा ढिम्म हलत नाहीत!”

“भाऊजींनी नियम पाळला गं.”

“नियम? गच्चीवर तिला म्हणाले, ‘वा, काय दमदार फुंक आहे!’ मी बोलले की मात्र कटकट.”

“मग?”

“मग मीही शिट्टी आणली. काल स्वयंपाकघरात उभी राहून तीनदा जोरात फुंकली.”

“अगंबाई! लोक धावले असतील.”

“अख्खी गल्ली गच्चीवर! शिंपीण तर मला हाताला धरून न्यायला घरात शिरली.”

“आणि भाऊजी?”

“सोफ्यावर. म्हणाले, ‘अगं, तीन झाल्या, कुकर बंद कर.’”