मधल्या सुट्टीतली पोटदुखी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सुभाषराव, व्यासपीठावरच्या आमच्या मुख्याध्यापिका मिनलताई, पालकांचे प्रतिनिधी जितेंद्रभाई, शिक्षक बंधुभगिनींनो आणि माझ्या लहानमोठ्या पेशंटांनो,

शाळेच्या नर्सने भाषण करायचं म्हणजे कठीणच. ‘तोंड उघड, जीभ दाखव’ एवढंच बोलायची आम्हाला सवय. पण आज निवृत्त होतेय, तेव्हा बोलून घेते.

जितेंद्रभाई मघाशी म्हणाले, आयडा सिस्टरच्या औषधाने पोटदुखी लगेच थांबते. जाता जाता ते औषध सांगून टाकते. आपल्या मीरा रोडच्या शाळेत पोटदुखीची साथ यायची ती नेमकी मधल्या सुट्टीत, आणि पोर यायचं ते हातात डबा घेऊन. पोट दुखतंय तर डबा कशाला, सांगा? मी आपली ओव्याचं गरम पाणी देत राहिले. एकदा मी माझा डबा उघडला, तर एक नवीन आलेली मुलगी म्हणाली, “सिस्टर, मी पण इथेच खाऊ?” तिने चाटूनपुसून खाल्लं. वर्गात तिला कुणी जवळ बसवत नव्हतं. तेव्हापासून आधी ओव्याचं पाणी, मग डबा. ओवा तेवढा लाजेखातर.

आता मिनलताई माझ्या प्रथमोपचाराच्या खोलीचं रूप पालटतायत. नव्या गाद्या, समुपदेशक मॅडम, दारावर पाटी, ‘मन मोकळं करा’. हेतू सोन्यासारखा आहे. पण ताई, रागावू नका, सगळा वर्ग बघत असताना त्या पाटीखालून आत कोण जाईल? पोट दुखतंय म्हणायला लाज वाटत नाही. एकटं वाटतंय, हे मोठ्यांनाही म्हणवत नाही. मलाही कधी म्हणवलं नाही. माझे मिस्टर मायकेल गेल्यापासून उत्तनच्या घरी मी टीव्ही लावून जेवते. बातम्या ऐकतंय कोण, घरात आवाज तेवढा हवा असतो. माझं खरं जेवण तुमच्या मधल्या सुट्टीतलं.

म्हणून विनंती एकच. पाटी ‘प्रथमोपचार’ अशीच राहू द्या. ओव्याची बरणी ठेवा. मॅडमनी आपला डबा घेऊन तिथे बसावं आणि काही विचारू नये.

सध्या एक मुलगी येते. नाव सांगणार नाही, ती इथेच बसलीय. ‘आता मी कुणाबरोबर खाऊ?’ असं ती विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. काल तिने विचारलं, “सिस्टर, सोमवारपासून तुम्ही कुणाबरोबर जेवणार?” मी तिला ओव्याचं पाणी दिलं, थोडं मीही प्यायले.

शाल दिलीत, माया दिलीत, सगळ्यांची मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर आपली सिस्टर म्हणून पदरात घ्या. मिनलताई म्हणतायत, जेवूनच जा. थांबते. फक्त माझ्या शेजारी कुणीतरी बसा. माझं पोट दुखतंय.